शीड सोडावे, फळी सोडू नये

"पोरी, पोटासाठी दर्यात जाणाऱ्याला दर्या ओळखतो. हौसेसाठी जाणाऱ्याची त्याच्याशी ओळख कुठली?"

वसईच्या पाचूबंदरहून दूरध्वनीवर हा प्रश्न आला, तेव्हा आम्ही उभयता अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, हिल्सबरो गावी, आमच्या घरापुढे गाडीच्या टपावर एक लांब फळी पट्ट्यांनी आवळून बांधीत होतो. २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यातले ते दिवस. चार दिवसांची सुट्टी हाताशी होती. कोलंबिया नदीच्या काठाकाठाने मोटारीने पूर्वेकडे जायचे, वारा चांगला असेल तिथे उतरायचे आणि विंडसर्फिंग करायचे, एवढाच आमचा बेत होता. आईने प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता, "जपून राहा" एवढे बोलून फोन ठेवला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर गाडीत येऊन बसला, तो चारही दिवस खाली उतरला नाही.

हा लेख आम्ही दोघांच्या वतीने लिहीत आहोत, तेव्हा आमची थोडी ओळख करून देणे उचित ठरेल. आमच्यातील पत्नी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, होडीवर पोट असलेल्या घरातली. पती वसईचेच, पण वाडीतले. केळीच्या बागा आणि विहिरीवरचा रहाट पाहत वाढलेले. दोन्ही घरांमधले अंतर काही मैलांचेच. परंतु एका घराने पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे डोळे लावून वाट पाहिली, तर दुसऱ्याने आकाशाकडे. हा फरक किती खोल आहे, हे लग्नाला पंचवीस वर्षे उलटून गेली तरी आम्हाला पुरते उमगले नव्हते. ते या प्रवासात उमगले.

आईचा प्रश्न वरवर भाबडा वाटला, तरी त्यात एक जुने नैतिक कोडे दडलेले आहे. खोल समुद्रात जाळे टाकणारा नाखवा, खाणीत उतरणारा मजूर, उंच इमारतीच्या परातीवर उभा राहणारा गवंडी हे सारे रोज जीव धोक्यात घालतात. त्यांना कोणी बेजबाबदार म्हणत नाही. त्यांच्या धोक्यामागे घरची चूल असते. परंतु ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे, ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, अशा माणसाने केवळ आनंदासाठी वाऱ्याच्या तोंडी जावे काय? आणि त्याची वाट पाहणारे कोणी घरी असेल, तर जो जीव तो धोक्यात घालतो, तो सर्वस्वी त्याचाच असतो काय?

विंडसर्फिंग म्हणजे काय, हे प्रथम सांगावयास हवे. पाण्यावर तरंगणारी एक फळी, तिच्यावर डोलकाठी व शीड, आणि शिडाला दोन्ही अंगांनी वेढणारी एक कमान, जी उभ्याने दोन्ही हातांत धरावयाची. होडीला असते तसे सुकाणू नाही आणि बसावयास जागाही नाही. सारे गुपित डोलकाठीच्या बुंध्याशी आहे. होडीची डोलकाठी घट्ट रोवलेली असते. इथे ती सर्व दिशांना वळणाऱ्या एका सांध्यावर बसवलेली असते. म्हणजे ती आपल्या बळावर उभीच राहत नाही. वारा तिला एका बाजूने ढकलतो आणि माणूस आपल्या अंगाच्या भाराने दुसऱ्या बाजूने तोलून धरतो. शीड पुढे झुकवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते; मागे झुकवले की ते वाऱ्याकडे वळते. यापलीकडे दुसरे कोणतेही यंत्र नाही.

या खेळाच्या जन्मकथेतही सोबतीचा धागा आहे. पेनसिल्व्हानिया राज्यात न्यूमन डार्बी यांनी पत्नी नेओमी यांच्या साथीने १९६४ साली हाताने शीड धरून चालवावयाची फळी तयार केली. पुढे कॅलिफोर्नियात विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक आणि व्यावसायिक हॉयल श्वाइट्झर या दोन मित्रांनी वर सांगितलेल्या सांध्यासह आपली रचना सिद्ध करून १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला. काही वर्षांतच दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि ड्रेक यांनी आपला हिस्सा श्वाइट्झर यांना विकून टाकला. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. एकट्याने खेळावयाचा हा खेळ जन्माला आला तो मात्र जोडीने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कारण फळीवर जागा एकालाच असते. आमच्याकडे फळीही एकच. तेव्हा सोबतीने जायचे म्हणजे एकाने पाण्यावर आणि दुसऱ्याने काठावर, हे ओघानेच आले.

पहिल्या दिवशी पोर्टलंड शहर मागे टाकून आम्ही जुन्या कोलंबिया महामार्गाला लागलो. सॅम्युएल लँकास्टर या अभियंत्याच्या देखरेखीखाली आखलेला हा रस्ता १९१३ ते १९२२ या काळात बांधला गेला. डोंगराच्या कुशीतून तो अशा वळणांनी जातो की, पोहोचण्याची घाई आपोआप गळून पडते. क्राउन पॉइंटच्या कड्यावर १९१८ साली उभारलेल्या व्हिस्टा हाउस या दगडी वास्तूपाशी आम्ही थांबलो. खाली कोलंबिया नदी कॅस्केड पर्वताची भिंत चिरून पश्चिमेकडे वाहताना दिसत होती. ही घळ सुमारे १३० किलोमीटर लांब असून काही ठिकाणी तिची खोली १,२०० मीटरपर्यंत जाते.

इथल्या वाऱ्याचे कारण समजावून घेणे वसईकराला अवघड नाही. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. त्याचेच हे विराट रूप. उन्हाळ्यात पर्वतापलीकडचा पूर्वेचा कोरडा प्रदेश तापतो, तेथील हवा हलकी होऊन वर जाते. पश्चिमेकडे पॅसिफिक महासागरावरची हवा थंड आणि जड असते. ती पूर्वेकडे धाव घेते; परंतु वाटेत पर्वतरांग उभी. तिच्यात समुद्रसपाटीच्या जवळपास असलेली वाट एकच, ती ही घळ. साऱ्या वाऱ्याला याच दारातून जावे लागते, आणि म्हणून तो येथे पिसाटासारखा वाहतो. नदी पश्चिमेला जाते, वारा पूर्वेला. दोघे एकमेकांच्या विरोधात असल्यामुळे पाण्यावर उंच, उभ्या लाटा उठतात. पण याच विरोधाचा फळीवरच्या माणसाला मोठा उपकार होतो. वाऱ्याने त्याला एका दिशेला नेले, तर प्रवाह त्याला हळूहळू परत आणतो. दोन्ही एकाच दिशेला असते, तर तो वाहवत दूर गेला असता.

पुढे १८९ मीटर उंचीच्या मल्टनोमाह धबधब्याच्या परिसरात डोंगरउतारावर काळवंडलेले, निष्पर्ण वृक्ष दिसू लागले. २ सप्टेंबर २०१७ रोजी ईगल क्रीकच्या पायवाटेवर पंधरा वर्षांच्या एका मुलाने कोरड्या रानात गंमत म्हणून एक फटाका फेकला. त्यातून पेटलेल्या वणव्याने अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक एकर क्षेत्र गिळले. वाट बंद झाल्यामुळे शंभराहून अधिक पदभ्रमण करणाऱ्यांना ती रात्र रानात काढावी लागली. २०१८ साली न्यायालयाने त्या मुलाला १,९२० तास समाजसेवा करावयास सांगितली आणि साडेतीन कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला. एवढी रक्कम कोणता मुलगा एका आयुष्यात फेडू शकेल? त्या वृक्षांखालून गाडी जात असता आम्ही दोघेही गप्प होतो. गमतीची किंमत गंमत करणारा क्वचितच एकटा भरतो, हे तिथे कोणी सांगावयाची गरज नव्हती.

संध्याकाळी आम्ही हूड रिव्हर या गावी पोहोचलो. मागे ३,४२९ मीटर उंचीचा, उन्हाळ्यातही हिम मिरवणारा माउंट हूड, उतारावर नासपतीच्या आणि सफरचंदांच्या बागा, पुढे नदी. १९३८ साली पुरे झालेल्या बॉनव्हिल धरणामुळे येथे पाणी अडून नदी तलावासारखी पसरली आहे. पात्र एक किलोमीटरहून अधिक रुंद आहे. रंगीबेरंगी शिडे पाखरांच्या थव्यासारखी पाण्यावर भिरभिरत होती.

दुसरा दिवस पतीच्या शिकवणीचा होता. काठाला हुकासारखा वळलेला एक बांध आहे. त्याच्या आडोशाला नवशिक्यांसाठी शांत पाणी मिळते. तेथील शिक्षकाने आरंभीच दोन गोष्टी बजावल्या. पहिली अशी की, भीती वाटली तर हातातले शीड सोडून द्यावे. मोटार थांबवावयास काहीतरी दाबावे लागते; इथे हात उघडणे हाच थांबा. शीड पाण्यावर पडते आणि वाऱ्याचे सारे बळ त्या क्षणी निकामी होते. नवशिका माणूस नेमके उलटे करतो. झोत आला की तो कमान अधिकच घट्ट आवळतो, आणि शिडासकट उडून तोंडावर आपटतो. दुसरी गोष्ट अशी की, काहीही झाले तरी फळी सोडू नये. काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघू नये. फळी बुडत नाही, माणूस थकतो. फळी दुरून दिसते, लाटांमधले माणसाचे डोके दिसत नाही. शीड सोडावे, फळी सोडू नये. त्या दिवशी पती किमान पन्नास वेळा पाण्यात पडले आणि प्रत्येक वेळी काठावरून पत्नीचे हसू ऐकू आले. तो दिवस निखळ आनंदाचा होता, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. पुढचे वाचून कोणी या खेळालाच दोष देऊ नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाळी पत्नीची होती. तिला हा खेळ आधीपासून येत होता. बांधाबाहेरच्या मोकळ्या पाण्यात ती गेली. "एक फेरा मारून येते," एवढेच ती म्हणाली. किती वेळाचा फेरा, हे तिने सांगितले नाही, आणि पतीने विचारले नाही.

प्रथम अर्धा तास तिचे पिवळे शीड स्पष्ट दिसत होते. मग गव्हाच्या वाहतुकीचे मोठे तराफे ढकलीत एक जहाज नदीच्या मध्यातून आले. असले लांबलचक धूड मनात आणले तरी चटकन थांबू शकत नाही. त्याच्या वाटेतून आपणच दूर व्हावयाचे असते. जहाज सावकाश पुढे सरकले. ते गेल्यावर पलीकडे पाहिले, तर पिवळे शीड कुठेच नव्हते. त्यातच त्या दिवशी सायंकाळचा वारा अवचित पडला. एकेक करून इतर शिडे काठाला लागली. पती प्रत्येकाजवळ जाऊन विचारू लागले, "पिवळे शीड पाहिलेत काय?" कोणी मान हलवी, कोणी दूर बोट दाखवी. मदतीसाठी दूरध्वनी करून झाला. आता करण्यासारखे काही उरले नव्हते. फक्त पाण्याकडे पाहत उभे राहणे उरले होते.

वाचकहो, ते उभे राहणे काय असते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला शब्दांनी सांगता येणार नाही. वाडीतल्या माणसाला वाट पाहण्याची सवय असते, पण ती पावसाची, पिकाची. पाऊस आला नाही तर पुढच्या वर्षी येतो. पाण्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे निराळे. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर सासूबाईंनी हे उभे राहणे किती वर्षे सोसले असेल, हा विचार त्या संध्याकाळी पतीच्या मनात प्रथमच आला. ज्यांच्या घरी पंचवीस वर्षे जावई म्हणून पाहुणचार घेतला, त्यांच्या आयुष्याचा हा भाग आपण कधी विचारलाच नाही, याची त्यांना लाज वाटली.

तिकडे झाले होते ते असे. नदीच्या मध्यापलीकडे गेल्यावर डोलकाठीच्या बुंध्याचा सांधाच तुटला. शीड फळीपासून सुटले. वारा असतानाच फळीवर पालथे झोपून हातांनी वल्हवण्याचा तिने प्रयत्न केला. तितक्यात तो जहाजाचा गाडा आल्याने तिला मागे हटावे लागले. वारा पडल्यावर प्रवाह तिला पश्चिमेकडे घेऊन निघाला. तिने शीड सोडून दिले, ते वाहत गेले. फळी मात्र सोडली नाही. पाणी थंड होते आणि हात बधिर झाले होते. समोर, वॉशिंग्टन राज्याच्या काठाला, व्हाइट सॅल्मन नदी कोलंबियाला मिळते त्या बाजूस, एक लहान होडी जाळे ओढीत होती. होडीत एक वयस्कर पुरुष आणि एक स्त्री होती. त्यांनी तिला पाहिले. अर्धे ओढलेले जाळे त्यांनी पुन्हा पाण्यात सोडले आणि ते तिच्याकडे आले.

ते दोघे तेथील मूळ निवासी लोकांपैकी होते. त्यांनी तिला घोंगडी दिली, वाफाळती कॉफी दिली आणि फळीसह पलीकडच्या काठाला, म्हणजे आमच्या काठाला आणून पोहोचवले. त्यांच्या कामाचा तासाहून अधिक वेळ त्यात गेला. पतीने खिशात हात घातला, तेव्हा त्या गृहस्थांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "उद्या आमच्याकडून मासा विकत घ्या. त्याचे पैसे घेऊ." आणि ते आपल्या जाळ्याकडे परत गेले.

पत्नी काठावर उतरली तेव्हा पतीच्या तोंडून निघालेले पहिले शब्द आनंदाचे नव्हते. "कोणाला विचारून एवढी लांब गेली होतीस?" असे ते ओरडले. तिने काही उत्तर दिले नाही. रात्री खोलीत मात्र ती शांतपणे म्हणाली, "बाबा उशिरा आले तर आईने असा प्रश्न कधी विचारला नाही. ती उठून भात गरम करायला घ्यायची."

या एका वाक्यावर आम्ही त्या रात्री फार वेळ बोललो. भीतीचे रूपांतर किती लवकर मालकीत होते! काठावर थरथरत उभा असलेला माणूस प्रेमानेच थरथरत असतो. परंतु धोका टळला की तेच प्रेम हुकूम सोडू लागते. 'मला भीती वाटली' असे म्हणण्यात कमीपणा वाटतो, म्हणून तो म्हणतो, 'तू विचारले का नाहीस?' त्याने झोताला घाबरून कमान अधिकच आवळलेली असते. दुसरीकडे, जाणाऱ्याचाही दोष होताच. आपला आनंद आपला आहे, आपल्या हातापायांत बळ आहे, मग कोणाला काय सांगावयाचे, या गुर्मीत तिने वेळ सांगितली नव्हती. तीही हे मान्य करीत होती. काठावर कोणी उभे आहे हे ठाऊक असूनही ते नसल्यासारखे वागणे, म्हणजे फळीच सोडण्यासारखे आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्या दांपत्याकडून एक मोठा सॅल्मन मासा घेतला, आणि तो बर्फात ठेवून आणखी पूर्वेकडे, सेलिलो या ठिकाणी गेलो. आज तेथे एक उद्यान आहे, त्यापुढे विस्तीर्ण, शांत पाणी आहे आणि वाऱ्याच्या दिवशी फळ्या घेऊन येणारे लोकही आहेत. १९५७ पूर्वी येथे एक गर्जणारा प्रपात होता. हजारो वर्षे नदीकाठचे लोक खडकांवर लाकडी मचाणे बांधून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी येथे सॅल्मन पकडीत आले होते. १८५५ सालच्या करारांनी याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींनी आपली बहुतेक भूमी सोडली. परंतु परंपरेच्या ठिकाणी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाची दारे बंद झाली आणि काही तासांत प्रपात पाण्याखाली गेला. जमातींना पैशांत भरपाई मिळाली. प्रपात मिळाला नाही.

त्या शांत पाण्यापुढे उभे असता आमच्या लक्षात आले की, आईच्या प्रश्नाला आम्ही समजत होतो त्याहून मोठा पैस आहे. ज्या सपाट, विस्तीर्ण पाण्यावर आमचा खेळ चालतो, ते कोणाच्या तरी अन्नाच्या जागेवर साचलेले पाणी आहे. धरण आम्ही बांधले नाही, हे खरे. त्या धरणाची वीज घरोघरी जाते, गहू त्याच पाण्यावरून समुद्राकडे जातो, हेही खरे. परंतु ज्यांचे सर्वांत अधिक गेले, त्यांच्यापैकीच दोघांनी आमच्या हौसेपायी आपले जाळे अर्धवट सोडले. पोटासाठी पाण्यात असणारे, हौसेसाठी पाण्यात आलेल्यांना वाचवावयास धावले. पाचूबंदरला हेच घडते. एखादी होडी परतली नाही, तर इतर होड्या आपली जाळी टाकून शोधाला निघतात. कोणी त्याचा हिशेब मांडीत नाही. तेव्हा दर्याची ओळख म्हणजे काय, हे आईच्या शब्दांत होतेच. दर्या कोणाला ओळखत नाही. दर्यावरची माणसे एकमेकांना ओळखतात. पोटासाठी जाणारा या ओळखीच्या आत असतो. हौसेने जाणारा बाहेरून येतो, आणि तरीही तीच माणसे त्याला आत घेतात. हे ऋण पैशाने फिटत नाही; म्हणूनच त्या गृहस्थांनी माशाचे पैसे घेतले, सुटकेचे घेतले नाहीत.

व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा विचार करताना जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८५९ सालच्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथाची आठवण सुशिक्षितांना हटकून होते. ज्या कृतीचा संबंध केवळ स्वतःशी असतो, तेथे माणूस आपला स्वामी आहे, हा त्या ग्रंथाचा गाभा. विचार थोर आहे. त्याने अनेकांना जुलमापासून वाचवले आहे. परंतु हा ग्रंथ मिल यांनी आपल्या पत्नीला, हॅरिएट टेलर यांना अर्पण केला आहे. १८५८ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्याजवळच मिल यांनी घर घेतले, आणि पुढे स्वतःही तेथेच चिरविश्रांती घेतली. एकट्या माणसाच्या हक्काचा एवढा मोठा पुरस्कर्ता आपल्या आयुष्यात मात्र कधीच एकटा नव्हता. यात मिल यांचा उपहास करावा असे आम्हाला वाटत नाही. उलट, आमच्या मते स्वातंत्र्याचा खरा अर्थ त्या घराच्या जागेतच दिसतो. 'केवळ स्वतःशी संबंध असलेली कृती' ज्याच्यावर कोणी प्रेम करते अशा माणसाच्या वाट्याला फार थोडी येते.

मग हौसेसाठी धोका पत्करूच नये काय? काही सज्जन असे म्हणतील. आम्हाला ते पटत नाही. आनंद ही श्रीमंतांची चैन आहे आणि गरिबाला फक्त कष्ट शोभतात, हा समज आम्ही कोळीवाड्यात तरी पाहिला नाही. आणि जो धोक्याचे प्रत्येक दार बंद करून घेतो, त्याच्या घरात हवाही खेळत नाही. सोबत्याला सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली त्याला काठावर बांधून ठेवणे म्हणजे डोलकाठी घट्ट रोवणे. मग फळी वळतच नाही. आमच्या खेळाची सारी युक्ती तो सैल सांधा आहे. सांधा सैल असला तरी तो तुटता कामा नये, हे आम्ही किंमत देऊन शिकलो.

तेव्हा आमच्यापुरते उत्तर असे आहे. हौसेसाठी जाण्याचा अधिकार माणसाला आहे. पण तो फुकटचा अधिकार नाही. त्यासोबत तीन देणी येतात. जाणाऱ्याने काठावरच्याला आपली वेळ आणि आपली हद्द सांगून जावे. काठावरच्याने सांगितलेल्या वेळेपर्यंत आपली भीती आपल्यापाशी ठेवावी आणि परतल्यावर तिचा दंड करू नये. आणि ज्या पाण्यावर आपण खेळतो, त्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्या जाळ्यांना वाट द्यावी, त्यांचे ऋण विसरू नये. पहिली दोन देणी नवराबायकोतच चालतात असे नाही. घरातून मोटारसायकल घेऊन निघणारा मुलगा आणि खिडकीत उभी राहणारी आई, परदेशी निघालेली मुलगी आणि तिला आवरू पाहणारा बाप, यांनाही ती लागू आहेत. तिसरे देणे विसरणे सर्वांत सोपे, कारण त्याची आठवण करून देणारे कोणी घरात नसते.

हिल्सबरोला परतल्यावर आम्ही पाचूबंदरला फोन केला. सगळे सांगितले, तुटलेला सांधा, ते दांपत्य, काठावरचे ओरडणे, काहीही लपवले नाही. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझा बापसुद्धा हौशी होता गं. होडीला मशीन नव्हती तेव्हा परतताना दुसऱ्या तांडेलाबरोबर शिडाची शर्यत लावायचा. मी रागवायची. पण कोणत्या भरतीला येणार, ते सांगितल्याशिवाय त्याने कधी होडी लोटली नाही."

मग जरा थांबून त्यांनी जावयाला फोन द्यावयास सांगितले. "तुम्ही लई वेळ उभे होतात म्हणे," त्या म्हणाल्या. एवढेच. पंचवीस वर्षांत त्या दोघांमध्ये झालेले हे पहिले खरे संभाषण होते, असे आम्हाला वाटते.

गॅरेजच्या भिंतीला फळी टेकवून ठेवली आहे. नवा सांधा आणला, नवे शीडही आणले. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२४ साली, आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. पाण्यात उतरण्यापूर्वी पत्नीने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "पावणेपाचला येते." पतीने मान डोलावली आणि दगडावर बसून पावणेपाचची वाट पाहिली.